राजा दीनदयाळ

राजा दीनदयाळ (१८४४ – ५ जुलै १९०५) हे एकोणिसाव्या शतकातील ख्यातनाम भारतीय छायाचित्रकार आणि छायाचित्र-व्यावसायिक होते. प्रारंभी ते लाला दीनदयाळ या नावाने ओळखले जात. सरकारी नोकरीत असताना छंद म्हणून शिकलेल्या कलेच्या बळावर त्यांनी इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई येथे स्टुडिओ उभारले. भारतातील मोठे स्टुडिओ प्रामुख्याने युरोपीय व्यावसायिकांच्या हाती असताना त्यांच्या तोडीची पेढी भारतीयालाही चालवता येते, हे त्यांच्या कारकिर्दीने सिद्ध केले.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

दीनदयाळ यांचा जन्म मेरठजवळील सरधना येथे जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात झाला. रुडकी येथील थॉमसन कॉलेज ऑफ सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये त्यांनी शिक्षण घेतले. १८६६ मध्ये ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले आणि पुढे मुख्य आरेखक व अंदाजपत्रककार या पदापर्यंत पोहोचले. इमारतीची प्रमाणबद्धता जोखणे आणि रेषा काटेकोर राखणे हे या नोकरीतील नित्याचे काम होते. त्यांच्या वास्तुचित्रांतील नेमकेपणामागे ही तालीम दिसते.

छायाचित्रणाकडे वळण

१८७४ च्या सुमारास दीनदयाळ छायाचित्रणाकडे वळले. त्या काळी ही कला शिकणे म्हणजे रसायनशास्त्राचा व्यवहार शिकणे होते. ओल्या कोलोडिअनच्या पद्धतीत काचेवर कोलोडिअनचा थर समप्रमाणात पसरवून ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावी लागे. थर ओला आहे तोवरच चित्र घेऊन ते अंधारात धुवावे लागे. त्यामुळे दूरच्या स्थळी जाताना अवजड कॅमेरा, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारखोलीचे काम देणारा तंबू असा सगळा संसार बरोबर न्यावा लागे. थोडी धूळ बसली किंवा उशीर झाला तरी काच वाया जाई. पुढे तयार कोरड्या काचपट्ट्या मिळू लागल्यावर हे कष्ट पुष्कळ कमी झाले.

इंदूर संस्थानचे अधिपती तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि मध्य भारतातील ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डेली यांचे त्यांना प्रोत्साहन लाभले. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आले असता त्यांचे छायाचित्र घेण्याची संधीही दीनदयाळ यांना मिळाली. डेली यांच्यानंतर आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत १८८२ मध्ये त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. ग्वाल्हेर, ओर्छा, दतिया, खजुराहो इत्यादी ठिकाणच्या वास्तूंची या काळातील छायाचित्रे ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथात १८८६ मध्ये समाविष्ट झाली.

नोकरीकडून व्यवसायाकडे

१८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून दीनदयाळ यांची नियुक्ती झाली. याच सुमारास त्यांनी नोकरीतून दीर्घ रजा घेतली आणि पुढे ती कायमची सोडली. सरकारी चाकरीतील निश्चित वेतन आणि प्रतिष्ठा यांवर पाणी सोडून ग्राहकांच्या मर्जीवर अवलंबून असणारा धंदा पत्करणे हा त्या काळात धाडसाचा निर्णय होता.

१८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबाद येथे स्टुडिओ उघडला. हे लष्करी छावणीचे गाव असल्याने इंग्रज अधिकारी व त्यांची कुटुंबे हा एक ग्राहकवर्ग तेथे होताच. शिवाय निजामाची राजधानी हैदराबाद शेजारीच होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराचे छायाचित्रकार म्हणून दीनदयाळ यांनी राजवाडे, मेजवान्या, शिकारी, लष्करी कवायती आणि राजपाहुण्यांचे दौरे टिपले. १८९४ मध्ये निजामांनी त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्याकडूनही त्यांना राजमान्यतेचे पत्र मिळाले. असे किताब केवळ शोभेचे नसत. पेढीच्या नावासोबत छापल्यावर तेच तिची सर्वांत प्रभावी जाहिरात ठरत.

स्टुडिओची कार्यपद्धती

स्टुडिओच्या कामाची अनेक अंगे होती. विजेच्या दिव्यांआधी व्यक्तिचित्रांसाठी सूर्यप्रकाशावरच भिस्त असे. काचेच्या छतातून किंवा मोठ्या खिडक्यांतून येणारा उजेड पडद्यांनी हवा तसा वळवला जाई. रंगवलेले पडदे, खुर्च्या, कठडे यांनी पार्श्वभूमी सजवली जाई. चित्र काढणे, काच धुणे, दोष दुरुस्त करणे, कागदावर छापणे आणि प्रती जाड पुठ्ठ्यावर चिकटवणे ही कामे वाटून दिलेली असत.

निगेटिव्ह काचांना क्रमांक देऊन त्या जपून ठेवणे हे दीनदयाळ यांच्या पेढीचे वैशिष्ट्य होते. एकदा घेतलेल्या चित्राच्या प्रती पुढे केव्हाही काढून विकता येत. प्रसिद्ध स्थळांची चित्रे प्रवासी विकत घेत, तर व्यक्तिचित्रांच्या प्रती कुटुंबे पुन्हा मागवीत. व्यवहाराची ही शिस्त पुढे इतिहासाच्याही उपयोगी पडली.

१८९२ मध्ये त्यांनी हैदराबाद येथे केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना पुरुष छायाचित्रकारासमोर बसणे शक्य नसल्याने तेथील काम श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज महिलेकडे सोपविण्यात आले.

महाराष्ट्राशी संबंध

आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला आणि औरंगाबादचा बीबी का मकबरा यांची दीनदयाळ यांच्या पेढीची छायाचित्रे उपलब्ध आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात औरंगाबाद जिल्ह्यात निघालेली मदतकार्येही या पेढीने टिपली. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला. बोर्न अँड शेफर्ड यांच्यासारख्या नामांकित पेढ्यांशी स्पर्धा असलेल्या या शहरात निव्वळ दरबारी आश्रय पुरेसा नव्हता. व्यापारी व शहरी ग्राहक मिळवणे आवश्यक होते.

अखेरचा काळ आणि वारसा

ज्ञानचंद आणि धरमचंद हे त्यांचे पुत्र व्यवसायात आल्यावर पेढी 'राजा दीनदयाळ अँड सन्स' या नावाने चालू लागली. १९०३ च्या दिल्ली दरबाराचे छायाचित्रण तिने केले. मात्र १९०४ मध्ये धरमचंद यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई येथे दीनदयाळ यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ज्ञानचंद यांनी काम पुढे चालवले, पण पेढीला पूर्वीचे वैभव राहिले नाही. राजाश्रय आणि संस्थापकाची वैयक्तिक ख्याती यांवर ती किती अवलंबून होती, हे यातून दिसून येते.

कुटुंबाने सांभाळलेल्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. धंद्याची गरज म्हणून क्रमांक घालून ठेवलेल्या या काचा आज संस्थानी भारताचे जीवन, वास्तू आणि वेशभूषा यांच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन मानल्या जातात.