फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव: फारोख बुलसारा, जन्म: ५ सप्टेंबर, इ.स. १९४६, झांझिबार, मृत्यू: २४ नोव्हेंबर, इ.स. १९९१, लंडन) हे ब्रिटिश गायक, गीतकार व पियानोवादक आणि 'क्वीन' या रॉक बँडचे मुख्य गायक होते. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', 'समबडी टू लव्ह' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' ही त्यांनी रचलेली गीते जगभर परिचित आहेत. त्यांनी गायिलेली इतरांची गीते, ज्यांना 'कव्हर' म्हटले जाते, त्या मानाने दुर्लक्षित राहिली. मात्र त्यांच्या संगीतजीवनाची सुरुवात अशाच गीतांपासून महाराष्ट्रातील पाचगणी येथे झाली आणि पुढेही ते वेळोवेळी या गीतांकडे वळत राहिले.

बालपण

फारोख यांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील बोमी बुलसारा हे झांझिबारमध्ये ब्रिटिश प्रशासनात रोखपाल होते. आईचे नाव जेर. बुलसारा हे आडनाव गुजरातमधील बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून आले आहे. फारोख यांना शिक्षणासाठी लहानपणीच भारतात पाठवण्यात आले आणि वयाच्या सुमारे आठव्या वर्षी ते सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेत दाखल झाले. 'फ्रेडी' हे नाव त्यांना याच शाळेत मिळाले. पियानोचे पद्धतशीर शिक्षणही त्यांनी येथे घेतले. रेडिओवर ऐकलेली चाल ते लगेच पियानोवर वाजवून दाखवत, अशी आठवण त्यांच्या शाळासोबत्यांनी पुढे सांगितली आहे.

द हेक्टिक्स

इ.स. १९५८ च्या सुमारास फ्रेडी व त्यांच्या चार शाळासोबत्यांनी 'द हेक्टिक्स' हा बँड स्थापन केला. ब्रूस मरे हे त्याचे मुख्य गायक होते, तर फ्रेडी पियानो वाजवत. हा बँड शाळेच्या कार्यक्रमांतून क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड आदी गायकांची त्या काळी गाजत असलेली रॉक अँड रोल गीते सादर करी. यांपैकी क्लिफ रिचर्ड यांचा जन्म लखनौ येथे झाला होता. बँडमधील डेरिक ब्रँच पुढे इंग्लंडमध्ये अभिनेते झाले, तर व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात उच्च पदावर पोहोचले.

इंग्लंडमधील सुरुवात

इ.स. १९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला परतले. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली व त्यानंतर हे कुटुंब इंग्लंडमधील फेल्टम येथे स्थायिक झाले. फ्रेडी यांनी ईलिंग कला महाविद्यालयातून इ.स. १९६९ मध्ये ग्राफिक कलेची पदविका घेतली. त्याच वर्षी ते 'आयबेक्स' या बँडमध्ये गायक म्हणून सामील झाले. या बँडच्या कार्यक्रमांतही मुख्यतः इतरांचीच गीते असत. इ.स. १९७० मध्ये त्यांनी गिटारवादक ब्रायन मे व ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह क्वीनची स्थापना केली आणि मर्क्युरी हे आडनाव धारण केले. पुढील वर्षी बासवादक जॉन डीकन बँडमध्ये आले.

लॅरी ल्युरेक्स

क्वीनचा पहिला अल्बम जुलै १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या थोडेच आधी 'लॅरी ल्युरेक्स' या टोपणनावाने फ्रेडी यांच्या आवाजातील एक तबकडी बाजारात आली. निर्माते रॉबिन केबल लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत जुन्या गीतांवर प्रयोग करत होते आणि त्यासाठी त्यांनी फ्रेडी यांना गाण्याची विनंती केली होती. मे व टेलर यांचाही या ध्वनिमुद्रणात सहभाग होता. तबकडीच्या एका बाजूस 'आय कॅन हिअर म्युझिक' हे रॉनेट्स या गायिकावृंदाने १९६६ मध्ये व बीच बॉइज या बँडने १९६९ मध्ये गायिलेले गीत होते. दुसऱ्या बाजूस जेरी गॉफिन व कॅरोल किंग यांनी रचलेले, बालपणाकडे परतण्याविषयीचे 'गोइंग बॅक' हे गीत होते. टोपणनाव हे गॅरी ग्लिटर या तत्कालीन लोकप्रिय गायकाच्या नावाचे विडंबन होते. तबकडीला यश मिळाले नाही. क्वीनच्या प्रसिद्धीनंतर मात्र ती संग्राहकांच्या दृष्टीने मोलाची ठरली.

मंचावरील कव्हर

इ.स. १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गीत ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. स्वतःची गीते गाजत असतानाही १९७० च्या दशकातील अनेक कार्यक्रमांच्या अखेरीस क्वीन एल्व्हिस प्रेस्ली यांचे 'जेलहाऊस रॉक' सादर करी. जुलै १९८६ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरील कार्यक्रमांत त्यांनी प्रेस्ली व रिकी नेल्सन यांच्या गीतांबरोबर लिटल रिचर्ड यांचे 'टूटी फ्रूटी' गायिले. पाचगणीच्या शाळेत लिटल रिचर्ड यांची गीते वाजवणारा मुलगा त्यानंतर सुमारे २८ वर्षांनी त्यांचेच गीत भरलेल्या स्टेडियमपुढे गात होता. त्याच महिन्यात, २७ जुलै रोजी, बुडापेस्ट येथे फ्रेडी यांनी एक हंगेरियन लोकगीत गायिले. त्याचे अपरिचित शब्द त्यांनी तळहातावर लिहून घेतले होते. श्रोत्यांनी ते गीत त्यांच्याबरोबर म्हटले.

द ग्रेट प्रिटेंडर

इ.स. १९८७ मध्ये फ्रेडी यांनी 'द ग्रेट प्रिटेंडर' हे प्लॅटर्स या गायकवृंदाचे १९५५ मधील गीत नव्याने ध्वनिमुद्रित केले. दुःख लपवून आनंदी असल्याचा बहाणा करणाऱ्या माणसाचे हे गीत आहे. त्याच्या चित्रफितीत फ्रेडी यांनी क्वीनच्या जुन्या चित्रफितींमधील आपल्याच भूमिका पुन्हा साकारल्या. हे गीत ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. इतरांच्या गीतांपैकी एकल गायक म्हणून त्यांना मिळालेले हे सर्वांत मोठे यश होय. मूळ गीताची चाल कायम ठेवून त्यांनी त्याला स्वतःच्या जीवनाचा संदर्भ दिला.

अखेर व वारसा

फ्रेडी यांना एड्स झाला होता. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी निवेदनाद्वारे हे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर झरथुष्ट्री विधींनी अंत्यसंस्कार करण्यात आले. आपल्या भारतातील बालपणाविषयी ते जाहीरपणे क्वचितच बोलले होते.

२० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ली स्टेडियमवर झालेल्या स्मृतिसोहळ्यात इतर गायकांनी त्यांची गीते गायिली. त्यांतील जॉर्ज मायकेल यांनी गायिलेले 'समबडी टू लव्ह' विशेष नावाजले गेले. आयुष्यभर इतरांची गीते आपलीशी करणाऱ्या गायकाचे गीत आता दुसऱ्याच्या कंठी होते. एड्सविरुद्धच्या कार्यासाठी मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट स्थापन करण्यात आला.

फ्रेडी यांनी मे १९९१ मध्ये गायिलेले 'मदर लव्ह' हे त्यांचे अखेरचे ध्वनिमुद्रित गायन मानले जाते. ते अपूर्ण राहिले आणि शेवटचे कडवे पुढे ब्रायन मे यांनी गायिले. इ.स. १९९५ च्या 'मेड इन हेवन' या अल्बममध्ये हे गीत समाविष्ट आहे. त्याच्या शेवटी फ्रेडी यांच्या तरुणपणीच्या आवाजातील 'गोइंग बॅक' या गीताचा अंश ऐकू येतो.