संत तुकाराम महाराज : दुःखातून घडलेलं जीवन



दरवर्षी आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्या भागातून पंढरपूरला जाते. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडी आणि इंदापूरचं घोड्यांचं रिंगण आपण सगळेच बघायला जातो. मागे एकदा रिंगण बघून आल्यावर वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, की महाराजांच्या घरची माणसं दुष्काळात गेली, तरी त्यांना विठ्ठलाचा राग कसा आला नाही? मला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून आज त्यांचं चरित्र पुन्हा नीट पाहू.

बालपण आणि संसार

तुकाराम महाराजांचा जन्म 1608 साली देहू येथे झाला असे मानले जाते. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरात विठ्ठलाची भक्ती पिढ्यान्‌पिढ्या होती. शेती, दुकान, सावकारी असं चांगलं चाललेलं घर होतं. थोरले भाऊ सावजी विरक्त झाले, त्यामुळे लहान वयातच प्रपंचाचा भार तुकारामांवर आला. त्यांची पहिली पत्नी रखुमाई दम्याने आजारी असायची. दुसरी पत्नी जिजाई, म्हणजेच आवली.

दुष्काळाचा घाला

पुढे आईवडील गेले. थोरली वहिनी गेली. त्यात 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. धंदा बुडाला, गावातली पत गेली. रखुमाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. तेव्हा महाराजांचं वय अवघं बावीसच्या आसपास होतं. लोकांत तोंड दाखवायचीही त्यांना लाज वाटू लागली.

डोंगरावरचं चिंतन

ते भामचंद्र आणि भंडारा डोंगरावर एकांतात बसू लागले. पण ते दुःखापासून पळून गेले नाहीत. खाली आल्यावर त्यांनी काय केलं, ते महत्त्वाचं आहे. घरात कर्जखतं होती. गावातले कितीतरी लोक त्यांचे देणेकरी होते. भुकेने घर कसं मोडतं हे महाराजांनी स्वतः भोगलं होतं. मग दुसऱ्या भुकेल्या घराकडून वसुली कशी करायची? धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची अर्धी खतं त्यांनी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ स्वतः राबून दुरुस्त केलं. आणि मग अभंग सुरू झाले.

पुढेही त्रास संपला नाही. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. महाराज नदीकाठी तेरा दिवस अन्नपाण्याशिवाय बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरा सांगते. 1650 साली फाल्गुन वद्य द्वितीयेला त्यांचं वैकुंठगमन झालं. तोच दिवस आपण तुकाराम बीज म्हणून पाळतो. 1685 साली त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला.

मग उत्तर काय?

मुलांनो, महाराज विठ्ठलावर रागावलेही. अभंगांत ते देवाशी भांडतात, रुसतात, जाब विचारतात. पण बोलणं तोडत नाहीत. दुष्काळ चांगला होता असं कोणीच म्हणणार नाही. दुःख आलं म्हणून माणूस आपोआप संत होत नाही. काही माणसं दुःखाने कडूही होतात. महाराजांनी आपल्या दुःखातून दुसऱ्याचं दुःख ओळखलं. मला वाटतं, त्यांना देव तिथे सापडला.

उपक्रम : घरातल्या आजी-आजोबांना 1972 च्या दुष्काळाबद्दल विचारा. त्या वेळी कोणी कोणाला धान्य दिलं, पाणी दिलं, देणं माफ केलं? ऐकलेली एक आठवण दहा ओळींत वहीत लिहून आणा.