आगाखान आणि मुंबईतील प्लेग

नामदार सर सुलतान महंमद शहा आगाखान यांचा जन्म २ नोव्हेंबर १८७७ रोजी कराची येथे झाला. १८८५ साली पित्याच्या निधनानंतर अवघ्या सात वर्षांच्या या बालकाकडे इस्मायली खोजा पंथाचे इमामपद आले. त्यांचे बालपण मुंबई-पुण्यास गेले.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. लोक शहर सोडून पळू लागले. घरांची झडती आणि रुग्णास सक्तीने इस्पितळात नेणे, या सरकारी उपायांनी लोकांचा रोष ओढवला. ऑक्टोबरात आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांनी हल्ला केला. रोगाइतकेच भय औषधाचेही होते.

अशा वेळी ओडेसा येथे जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु परक्या वैद्याच्या सुईवर सामान्य जनांचा विश्वास कसा बसावा? लस घेतल्यावर ताप येई, हात दुखे. शिवाय तिने पूर्ण अभय मिळत नसे, धोका मात्र पुष्कळ कमी होई.

त्या वर्षी आगाखान वीस वर्षांचेही नव्हते. धर्मगुरू या नात्याने नुसती आज्ञा सोडणे त्यांना सहज शक्य होते. तसे न करता त्यांनी अनुयायांसमक्ष आपल्याच दंडावर लस टोचून घेतली, तीही एकदा नव्हे, अनेकदा. गुरू सुखरूप आहेत हे पाहून हजारो खोजा स्त्री-पुरुष पुढे आले. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आगाखानांनी आपला एक बंगलाही दिला. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली आणि १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने विख्यात झाली.

पुढे आगाखान १९३७ साली राष्ट्रसंघाच्या सभेचे अध्यक्ष झाले. ११ जुलै १९५७ रोजी जिनिव्हानजीक त्यांचे देहावसान झाले. इजिप्तमधील आस्वान येथे ते चिरविश्रांती घेत आहेत.

मानसन्मान त्यांना विपुल लाभले. तथापि ज्ञातिबांधवांनी ध्यानी धरावा तो त्यांचा तरुणपणीचा दंड होय. समाजाच्या श्रद्धेवर पुढाऱ्याचा अधिकार चालतो खरा. पण संकटकाळी पहिला धोका जो स्वतः पत्करतो, त्याच्याच शब्दाने माणसे वाचतात.