अंबादासपंतांचा आखाडा

अमरावतीच्या जुन्या माणसाला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पत्ता विचारला, तर तो ‘हनुमान आखाडा’ म्हणूनच वाट दाखवतो. आज त्या आवारात महाविद्यालये आहेत, वसतिगृहे आहेत. पण गावाच्या तोंडचे नाव सुटलेले नाही. हा आखाडा १९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंत कृष्ण वैद्य यांनी सुरू केला.

ते साल ध्यानात घ्यायला हवे. लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आले ते याच वर्षी. अमरावती हे टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांचे गाव. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले होते. कापसाच्या पैशाने गाव भरभराटीला आले होते आणि राजकारण घराघरांत शिरले होते. अशा गावात तरुण पोरांनी एकत्र येऊन लाठी फिरवायची, म्हणजे सरकारची नजर आखाड्याकडे वळणारच. पुढे हुतात्मा राजगुरूंनीही काही काळ याच आखाड्यात व्यायामाचे शिक्षण घेतले. तरीही अंबादासपंतांचे मोठेपण मला त्या धगधगीत सापडत नाही. ते सापडते पुढच्या चिकाटीच्या कामात, ज्याला ना टाळ्या ना हारतुरे.

मी अकोल्याकडचा. आमच्याकडे वावरातली पऱ्हाटी निघाली की काळ्या मातीत पायाने रेघा ओढून हुतूतू रंगायचा. आमच्या गावी बाद झालेला गडी सगळा डाव संपेपर्यंत बाहेर बसायचा. शेजारच्या गावी मात्र समोरचा एक मेला की आपला एक जिवंत व्हायचा. दोन गावे समोरासमोर आली की पहिला अर्धा तास वादातच जाई आणि पुष्कळदा खेळ तिथेच संपे. खेळ होता, खेळणारे होते. सामना मात्र होत नव्हता. संजीवनी, गेमिनी, अमर ही या प्रकारांची नावे मला फार उशिरा कळली.

हुतूतूला बांधीव नियम देण्याचे काम मुख्यतः पुणे, सातारा, बडोदा या बाजूला झाले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४ साली त्याचे नियम छापले. पण छापील नियमांची पुस्तिका आपल्या पायांनी गावोगाव चालत जात नाही. ती नेणारा माणूस लागतो. त्याला खेळता यावे लागते, शिकवता यावे लागते आणि शिट्टी वाजवल्यावर शिव्या खाता याव्या लागतात! अशी माणसे तयार करणे हे अंबादासपंतांच्या मंडळाने आपले काम मानले. आखाड्याची जागा एका वस्तीपुरती असते. शिक्षक घडवणारा आखाडा जिल्हे ओलांडतो.

मंडळाचे नाव निघाले की लोक आधी बर्लिनची गोष्ट सांगतात. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचे पथक तिकडे गेले आणि त्याने हुतूतू, मल्लखांब असे आपले खेळ करून दाखवले. ती स्पर्धा नव्हती, प्रात्यक्षिके होती. पदकतक्त्यात त्यांना जागा नव्हती. त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले. हिटलरच्या राजधानीत झालेल्या कौतुकाचा आपल्याकडे अजून जो अभिमान मिरवला जातो, तो मला फारसा रुचत नाही. मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. कुठल्याही संस्थानिकाची नोकरी न करणाऱ्या वऱ्हाडातल्या एका आखाड्याने बोटीच्या भाड्याची जुळवाजुळव करून आपली पोरे सातासमुद्रापार पाठवण्याचे धाडस केले. पुढे १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही मंडळ पोचले.

१९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत कबड्डी आली, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत. आता प्रकाशझोतात, मॅटवर, बोली लावून घेतलेले खेळाडू खेळतात. पैसा आला याचे मला वाईट वाटत नाही. खेळाडूने उपाशी राहावे, असे थोडेच आहे? पण त्या मॅटखालची माती कोणी चाळून ठेवली, हे सांगताना वऱ्हाडचे नाव सहसा घेतले जात नाही, ही माझी तक्रार आहे.

अंबादासपंतांना मी पाहिले नाही. त्यांच्या मंडळात शिकून आलेले एक सर मात्र आमच्या शाळेत होते. डब्यात फक्की, हातात दोरी आणि गळ्यात शिट्टी. आधी दोरी ताणून मैदान आखायचे, मग दोन्ही संघांच्या कप्तानांना जवळ बोलावून बाद म्हणजे काय आणि जिवंत म्हणजे काय, हे दोघांकडूनही वदवून घ्यायचे. ते झाल्याशिवाय शिट्टी वाजत नसे. आमच्या गावचा आणि शेजारच्या गावचा सामना शेवटपर्यंत खेळला गेलेला मी पहिल्यांदा पाहिला, तो त्या सरांच्या हाताखाली. आम्ही दोन गुणांनी हरलो.