मलिक अंबर आणि घोड्याचा तंग

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण ते खोगीर घोड्याच्या पाठीवर ज्याच्यामुळे टिकते, तो पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, कुणाच्या बोलण्यात नसतो. इतिहासातही तलवारी दिसतात, तोफा दिसतात, तंग दिसत नाही. मलिक अंबराचे चरित्र मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला मात्र हा तंगच आठवतो.

अंबर १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला. कोवळ्या वयात गुलाम म्हणून विकला गेला, धनी बदलत बगदादमार्गे दख्खनला आला आणि निझामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी पडला. धनी वारल्यावर त्याची गुलामगिरी सुटली. विजापूरकरांची चाकरी करून तो स्वारांची लहानशी तुकडी घेऊन नगरकडे परतला. १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतला. राज्य बुडाले असे वाटत असताना अंबराने परांड्याला दुसऱ्या मुर्तझा निझामशहाला गादीवर बसवले आणि पुढे पाव शतक मोगलांना झुंजवले. जहांगीर इतका चिडला, की अंबराच्या शिरावर आपण बाण सोडत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. ते शीर त्याच्या हाती कधीच लागले नाही.

मोगलांजवळ तोफा, हत्ती आणि बाजारबुणगे होते. अंबराजवळ मराठी शिलेदार-बारगीर होते. हलक्या सामानाने रातोरात दौड मारायची, रसद तोडायची आणि डोंगरात दिसेनासे व्हायचे, ही त्यांची रीत. ही सारी मदार घोडा टिकण्यावर. पुढच्या पायांमागची कातडी पातळ असते. तिथे घाम, धूळ, वाळका चिखल साचला, की तंगाखाली तो कानशीसारखा घासतो. केस झडतात, सूज येते, मग जखम होते. असा घोडा खोगीर घेत नाही आणि स्वार पायउतार होतो.

बँकेत असताना टांग्यासाठी कर्ज मागणारे माझ्याकडे येत. त्यांतला एक म्हातारा घोडा दाखवताना आधी माझा हात घोड्याच्या पोटाखाली फिरवायला लावी. कातडी नितळ लागली, की मालक जनावराला जपणारा, हे मी त्याच्याकडून शिकलो. कागदपत्रांइतकाच तोही पुरावा मला पटे.

काळजी साधी आहे. खोगीर चढवण्यापूर्वी खरारा करून घाम-चिखल काढावा. तंग घोड्याच्या कोपराला टेकू देऊ नये, चार बोटे मागे ठेवावा. एका दमात आवळू नये. थोडा आवळावा, चार पावले चालवावे, मग पुन्हा आवळावा. पुढचे पाय एकेक करून हलके पुढे ओढावेत, म्हणजे तंगाखाली अडकलेली कातडी सरळ होते. बोटे आत जातील इतपत जागा असावी. थांबल्यावर तंग सैल करावा, धुऊन मऊ ठेवावा. जखम असेल तर ती भरेपर्यंत खोगीर घालूच नये. आवळताना घोडा कान मागे टाकतो, चावायला वळतो, तेव्हा तो खोडसाळ ठरवू नये. बहुधा त्याला दुखत असते.

१६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला अंबराने तलावाचे पाणी सोडून मोगल-आदिलशाही छावणीभोवती चिखल केला आणि मग छापे घालून ती फौज मोडली. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. दोन वर्षांनी अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

आता घोडदौडी संपल्या. पण माथेरानला, महाबळेश्वरला आपण मुलांना हौसेने घोड्यावर बसवतो. पैसे ठरवण्याआधी जरा वाकून तंगाखाली पाहावे. जखम दिसली, तर त्या दिवशी मुलांना पायीच हिंडवावे आणि का, तेही सांगावे.