आधी खराटा, मग कीर्तन



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या २१ व्या श्लोकावर. श्रेष्ठ माणूस जसं वागतो, तसंच बाकीचे वागतात, असा त्याचा सरळ अर्थ. श्लोक पाठ होतो. पण जगायचा कसा? त्यासाठी आपल्या वऱ्हाडातलाच एक माणूस बघूया.

आमच्या उंद्रीहून पूर्वेकडे निघालं, की अकोला जिल्ह्यापलीकडे अमरावती जिल्हा लागतो. तिथल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. म्हणजे आपले गाडगेबाबा.

वडील दारूपायी लवकर गेले. आई लेकराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. मामाकडे गुरं राखत, शेतात राबत डेबूजी वाढले. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला मटण आणि दारू द्यायची, असा रिवाज होता. नाही दिली तर भाऊबंद नाराज होणार, हे उघडच होतं. तरी डेबूजींनी गोडाचं जेवण वाढलं.

लक्षात घ्या, तेव्हा ते संत नव्हते. ऐकणारा समाजही नव्हता. बदलाची सुरुवात स्वतःच्या पंगतीतून झाली.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, सोबत मातीचं गाडगं. गावात शिरले की खराटा हातात. दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत दारू, कर्ज, शिवाशिव, पशुबळी यांवर बोलायचे. सकाळी गाव झाडताना पाहिलेल्या माणसाचं बोलणं लोकांना उपदेश वाटत नसे. १९२३ मध्ये मुलगा गोविंद गेल्याची बातमी कीर्तनातच आली. कीर्तन पूर्ण झालं.

लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही. पाया पडू पाहणाऱ्यांनाही ते अडवायचे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, त्यांनी देह ठेवला.

आपण काय घ्यायचं?

१. जे दुसऱ्याने सोडावं वाटतं, ते आधी आपण सोडायचं.
२. बोलण्याआधी हात चालवायचे.
३. बदल झाला की श्रेय घ्यायला थांबायचं नाही.

आपलं बहुतेक उलटं चालतं. सोसायटीच्या ग्रुपवर स्वच्छतेचा मेसेज आपण लगेच फॉरवर्ड करतो. जिन्यातला कागद मात्र तिथेच पडलेला असतो. आपलं कुणी ऐकत का नाही, याचं उत्तर बरेचदा त्या कागदात असतं.

आजचा संकल्प: घरात किंवा ऑफिसात कुणाला जे सांगायचंय, ते सात दिवस न बोलता स्वतः करून बघा. आठव्या दिवशी सांगायची गरज उरली, तरच सांगा.

राम कृष्ण हरी! 🌼