अणुभट्टीची जागा ठरवणारे डॉ. होमी भाभा आणि आपला काळा कातळ

येवला : आपल्या तालुक्यात ज्याने विहीर खोदली, त्याला हे सांगायला नको. वर मुरूम, खाली काळा पाषाण. पाषाण लागला की वाटतं, आता खाली सगळं अखंड. मग एखाद्या सुरुंगानंतर कडेच्या चिरेतून पाणी फुटतं आणि शेजाऱ्याची विहीर मात्र कोरडी ठाक राहते. हाच कातळ घाट उतरून थेट कोकणच्या समुद्रापर्यंत गेलाय. त्याच्यावर देशातलं पहिलं अणुवीज केंद्र बांधायचं ज्यांनी ठरवलं, त्या डॉ. होमी भाभांची ही गोष्ट.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. त्यांची आत्या सर दोराबजी टाटांची पत्नी. पोराने इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं, असं घरच्यांचं ठरलेलं. त्यासाठी १९२७ साली त्यांना इंग्लंडला केंब्रिजला पाठवलं. तिथे त्यांचं मन भौतिकशास्त्रात अडकलं. वडिलांनी आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, अशी अट घातली. ती त्यांनी पुरी केली आणि मग आपल्या वाटेने गेले. विश्वकिरणांवर काम केलं, जगात नाव झालं. शिवाय चित्रं काढायचे, संगीताचा नाद होता. लग्न केलं नाही.

१९३९ ला सुट्टीवर घरी आले आणि युरोपात महायुद्ध पेटलं. परत जाणं राहिलंच. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्याकडे नोकरी धरली. १९४५ ला टाटांच्या ट्रस्टच्या मदतीने मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ ला अणुऊर्जा आयोग झाला, त्याचे ते अध्यक्ष. नेहरूंचा त्यांच्यावर एवढा विश्वास की मधे कोणी नव्हतंच. १९५६ ला तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली.

मग आला विजेचा प्रश्न. कोळसा बिहार-बंगालकडे, गिरण्या आणि कारखाने मुंबई-अहमदाबादकडे. एवढ्या लांबून कोळसा वाहून आणण्यापेक्षा पश्चिमेला अणुवीज परवडेल, असा भाभांचा हिशेब होता. जागा ठरली तारापूर, मुंबईच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटर. थंड करायला समुद्राचं पाणी, पायाला कातळ. १९६३ ला अमेरिकेशी करार झाला, पुढच्या वर्षी काम लागलं.

त्या काळी दख्खनचं पठार म्हणजे न हलणारी जमीन, असं सगळेच धरून चालत. भूकंप हिमालयात, आसामात, कच्छात. १९६२ ला देशाचा भूकंपाचा नकाशा निघाला, त्यात कोयनेचा भाग शून्य नंबरच्या पट्ट्यात होता. म्हणजे धोका जवळपास नाहीच. भाभा नकाशाच्या विरुद्ध गेले नाहीत, हे खरं. पण तो नकाशाच कच्चा होता.

२४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाला बैठकीसाठी जाताना त्यांचं विमान आल्प्समधल्या माँट ब्लाँ डोंगरावर आदळलं. वय ५६.

त्यानंतर दोन वर्षंही झाली नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. तीव्रता सहाच्या वर, दीडशेच्या वर माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे पडले. धरणात साठलेलं पाणी खालच्या भेगांत उतरलं आणि आधीच ताणलेला भ्रंश सरकला, असं पुढे बऱ्याच शास्त्रज्ञांनी मांडलं. भ्रंश म्हणजे नुसती चीर नाही. जिथे कातळाच्या दोन बाजू एकमेकींवर घासत सरकतात, तो भ्रंश. त्याच्यावर शेकडो फूट कातळ आणि माती असली की वरून दिसणार कसा? १९७० च्या नव्या नकाशातून शून्य पट्टा काढूनच टाकला आणि कोयना चौथ्या पट्ट्यात गेली. तरी किल्लारी पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यातच राहिली. ३० सप्टेंबर १९९३ ला तिथे काय झालं, ते आपल्या वयाच्या माणसाला आठवतंच.

अणुकेंद्राला भूकंपाची जास्त भीती का, तेही समजून घ्या. भट्टी बंद केली तरी आतलं इंधन बरेच दिवस तापत राहतं, त्याला पाणी द्यावंच लागतं. मोटार बंद पडली म्हणून पाळी चुकवता येत नाही. २०११ ला जपानच्या फुकुशिमात भूकंप होताच भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पण त्सुनामीने जनरेटर बुडवले, पाणी थांबलं, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

भाभांच्या वेळी केंद्र बांधणारं आणि तपासणारं खातं एकच होतं. अणुऊर्जा नियामक मंडळ झालं १९८३ ला. आता त्याचा नियम आहे की हलू शकणारा भ्रंश पाच किलोमीटरच्या आत असला तर जागा नाकारायची. राजापूर तालुक्यात जैतापूरला अणुवीज केंद्र ठरलंय, तिथला वादही यावरच. जवळ असा भ्रंश नाही, असं अणुऊर्जा महामंडळ सांगतं. २०११ ला विनोद गौर आणि रॉजर बिल्हम या भूगर्भतज्ज्ञांनी मांडलं की शक्यता कमी असली तरी कोयना-किल्लारीसारखा धक्का तिथेही बसू शकतो. सरकारी बाजूच्या शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. मला विचाराल तर वीज आपल्यालाही पाहिजे, रात्रीच्या लाइटवर कांद्याला पाणी भरणाऱ्याने उगाच नाही म्हणू नये. पण तपासणीचे कागद मराठीत मडबन-मिठगवाण्याच्या लोकांपुढे ठेवायला हरकत काय?

तारापूर १९६९ ला चालू झालं, भाभांनी ते पाहिलं नाही. शेजारच्या डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून छोटे छोटे धक्के सुरू झाले, तेव्हा लोकांनी कित्येक रात्री घराबाहेर काढल्या. आपल्या जिल्ह्यातही सुरगाणा, पेठ, कळवणकडे जमीन अधूनमधून हलते. तिची नोंद नाशिकच्या 'मेरी'तल्या यंत्रावर होते.